टबावरच्या चिठ्ठ्या

टब दारात अडकला आणि गाडीनं शिट्टी दिली.

सातारा रोडला मिरजेकडची गाडी फार थांबत नाही. तेवढ्या वेळात पिशवी आत टाकायची, चिमीला कडेवरून न उतरवता पायरी चढायची, हे बनूनं मनात दोनदा जुळवून ठेवलं होतं. पण दारात हा जस्ताचा लांबट टब आडवा. दोन्ही टोकांना कड्या, आणि अंगभर कागदी चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आतून कुणीतरी तो ओढत होतं आणि बाहेरून ढकलायला कुणी नव्हतं.

"आवं ताई, जरा खांदा लावा की," आतून पुरुषी आवाज आला. "तिरपा झालाय निसता."

टबाची कड पोरीला लागेल म्हणून बनूनं आधी चिमीचे पाय पदरात घेतले, मग खांदा लावला. टब खणकन आत गेला, मागोमाग ती, आणि गाडी हलली.

"लय उपकार झालं," तो माणूस म्हणाला. खाकी शर्ट, उन्हानं रापलेला चेहरा, मिशी सफाचट. त्यानं टब दोन बाकांच्या मधे बसवला आणि आपली काळी लोखंडी पेटी पायानं बाकाखाली सरकवली. पेटीवर पांढऱ्या रंगात काही लिहिलं होतं. अक्षर दिसलं की वाचायचं ही बनूची जुनी खोड. चष्मा लागला तो त्यापायीच, असं तिचे वडील म्हणत. आधी नंबर होता, मग हवालदार, मग नाव — अर्जुना रावजी थोरात.

तिनं ते परत वाचलं. मग ती खाली बसली.

तो तिचा नवरा होता.

आपला नवरा गाडीत भेटतो आणि आपल्याला पेटीवरून ओळखावा लागतो, हे आजच्या मुलींना खोटं वाटेल. पण लग्न झालं बेचाळीसच्या वैशाखात, आणि त्याला रजा होती तेरा दिवसांची. त्यातले चार हळदीत आणि पाहुण्यांत गेले. उरलेल्या दिवसांत बनूचा पदर नाकापर्यंत आणि घरात सतरा माणसं. दोघांची जी काही ओळख झाली ती कंदील विझल्यावरची. उजेडात ती काय कामाची? पुढं तो बोटीत बसून लढाईवर गेला. तिकडून फोटो आला तो टोपी आणि भरघोस मिशीसकट. आता दोन्ही नव्हतं. त्याच्याजवळ तर तिचा फोटोसुद्धा नव्हता. त्यानं पाहिली होती ती नऊवारीतली, मान खाली घातलेली सतरा वर्षांची पोर. आज समोर बसली होती ती पाचवारी नेसलेली, चष्मा लावलेली, पोरीचा पाय खिडकीतून बाहेर जात नाही ना हे दर दोन मिनिटांनी बघणारी बाई.

आणि या बाईच्या पर्समधे एक पत्र होतं. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा द्यायला तयार आहोत, सोमवारपर्यंत होकार कळवावा. तिच्या वडिलांखेरीज, म्हणजे सांगलीतल्या आप्पामास्तरांखेरीज, हे कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्याची तार आली होती, 'येत्या गुरुवारी पोचतो.' आज शनिवार. तो यायच्या आत सगळं ठरवून टाकावं, म्हणजे विचारायलाच नको, असा तिचा बेत होता. कारण विचारायची तिला भीती वाटत होती.

त्या भीतीला कारण होतं. पहिली दोन वर्षं त्याची पत्रं यायची ती चार-चार पानांची. समुद्रावरचं चांदणं, डोंगरउतारावरची ऑलिव्हची झाडं, 'तुमची आठवण उशाशी घेऊन निजतो' अशी वाक्यं. बनूनं ती रेशमी दोऱ्यानं बांधून ठेवली होती. मग चव्वेचाळीसच्या श्रावणात आप्पांनी त्याला लिहिलं — बनूस कॉलेजात घालतो आहे, आपली संमती असावी. उत्तराला दोन महिने लागले. आणि उत्तर होतं एका शब्दाचं. 'ठीक.' त्यानंतर चार पानांचं पत्र कधी आलं नाही. 'मी खुशाल. पोरीस जपणे.' बस, एवढंच, दर महिन्याला. बनू इंटर पास झाली, पण त्या एका शब्दाचा अर्थ तिला लागला नाही. किंवा फार नीट लागला, असं तिला वाटत होतं. नवरा रागावला होता.

आता सांगावं… तिनं तोंड उघडलं.

"ताई, बाळीला इकडं बसवा, खिडकीजवळ वारं हाय," तो म्हणाला.

ताई! तिनं तोंड मिटलं.

समोरच्या बाकावर बांगड्यांची पाटी मांडीशी धरून खातूनबी बसली होती. कराडच्या बाजाराला निघालेली ही म्हातारी मणेरीण. तिनं आल्याआल्या आपलं नाव, गाव आणि गुडघ्याचं दुखणं सांगून टाकलं होतं. ती टबाकडं बघत म्हणाली, "हवालदार, हे काय म्हशीला पाणी दावायला नेतोस व्हय रं?"

"न्हाई मावशी. माझ्या पोरीला. पुण्यात पलटणीच्या सामानाचा लिलाव झाला, तवा घेतला. दिवाळी तोंडावर आली न्हवं? पहिली आंघोळ ह्यात."

"पोरीला पाटावर घ्यायचं सोडून टबात?"

तो जरा लाजला. "इटलीत बघितलं हुतं एकदा. गावातली निम्मी घरं पडल्याली. एक बाई दारात असल्याच टबात पोराला न्हाऊ घालत हुती. आमी बंदुका घिऊन शेजारनं चाललोय, तिचं ध्यान न्हाई. ती आपली पोराच्या कानातला साबण पुसतीया. तवाच ठरीवलं… वाचलो तर असला टब न्यायचा."

चिमी कधी बाकावरून उतरली आणि टबात जाऊन बसली ते बनूला कळलंच नाही. असं तिच्या बाबतीत कधी होत नसे.

"ही होडी कुणाची?" चिमीनं विचारलं.

"माझ्या लेकीची."

"ती कुठाय?"

"घरी हाय. सगुणा नाव तिचं. माझ्या आईचं नाव. मी अजून बघितली न्हाई तिला."

चिमीला आपलं पत्रिकेतलं नाव ठाऊक नव्हतं. घरात तिला कुणी त्या नावानं हाक मारत नसे. ती म्हणाली, "मग मी बसू?"

"बस की. ती काय म्हणायची न्हाई."

बनू खिडकीबाहेर बघायला लागली. शाळूची रानं मागं पळत होती. 

"ताई," तो म्हणाला, "तुमी शिकल्याल्या दिसता. एक काम कराल? ह्या चिठ्ठ्यांवर काय लिवलंय ते सांगाल?"

"कशाला?"

"माझी बायको इंटर झालीया. मी टब दारात ठिवला की ती आधी चिठ्ठ्या वाचंल आणि मग माझ्याकडं बघंल." तो हसला. "तिच्या आधी मला ठावं असलेलं बरं. काय वंगाळ असंल तर हितंच काढून टाकतो. मला आपली मराठी अक्षरं येत्यात, सावकाश. इंग्रजीत नाव आणि नंबर सोडला तर पुढं न्हाई."

बनूनं चष्मा सारखा केला. "बायकोला इतकं घाबरता?"

"घाबरत न्हाई. पर नापास व्हायला नगं."

खातूनबी खो खो हसली. बनूलाही हसू आलं, आणि ते लपवायला ती टबावर वाकली. पहिली चिठ्ठी तळाला होती. "ही बाजू वर," तिनं वाचलं.

"तळाला?"

"तळाला."

"साहेबाची पलटण," तो म्हणाला. "म्हणून तर आमाला पाठवावं लागलं."

दुसरी रेल्वेची. तिसरी कुणा कप्तानाच्या नावाची. चौथी बोटीवरची, निळ्या अक्षरांची. "प्रवासात लागणार नाही," बनूनं अर्थ सांगितला. "म्हणजे तळघरात ठेवायचं सामान."

"आमाला बी तळघरातच ठिवलं हुतं," तो म्हणाला. "ही ऱ्हाऊ दे. बायकोला दावीन, म्हणीन मी आणि टब एकाच भावानं आलो."

"राहू दे कशी? कागद कुजला की पोरीच्या अंगाला लागेल. खळीत मोरचूदही घालतात, विषच ते, कसर लागू नये म्हणून. सगळ्या काढायला हव्यात." हे ती इतक्या झटक्यात बोलली की तिचं तिलाच हसू आलं. मोरचुदाच्या काळजीपुढं नवरा वगैरे मागं पडला होता. "अहो… नखानं ओरबाडू नका. फाटतात."

"नुसतं अहो काय?" खातूनबी म्हणाली. "दादा म्हण की बाई. परक्या बाप्याला असं अहो अहो करतात व्हय?"

बनूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नवऱ्याला दादा कसं म्हणायचं? आणि नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? "पाणी गरम असेल तर निघतील," ती टबाला उद्देशून म्हणाली.

कोरेगावला गाडी थांबताच तो पितळी तांब्या घेऊन उडी मारून उतरला आणि इंजिनाकडं पळत गेला. ड्रायव्हरशी काय बोलला कोण जाणे. शिट्टी होता होता वाफाळता तांब्या धरून, हात बदलत, फुंकत परत चढला. बनूनं आधी चिमीला उचलून बाकावर ठेवलं, दोन हात लांब. मग आपला रुमाल गरम पाण्यात बुडवून एका चिठ्ठीवर अंथरला.

"आता थांबायचं," ती म्हणाली.

"किती?"

"कागद म्हणेल तोवर."

थांबले. एका कोपऱ्यावर त्याचं बोट, दुसऱ्यावर तिचं. कागद फुगला, सुटला, आणि अख्खा उचलला गेला. खाली जस्त लख्ख निघालं, पण डिंकाचा चिकटा राहिला. खातूनबीनं पाटीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. "हे लाव. घट्ट हातात काकण भरताना लावते मी. ओढलं की फुटतं, चोळलं की सरकतं. समदं तसंच असतंय."

दोघं चोळत राहिले. टब लहान नव्हता, तरी हात सारखे जवळ यायचे आणि घाईनं लांब जायचे.

"तुमच्या मिसेस," बनूनं विचारलं — 'बायको' म्हणायला जीभ धजेना — "त्या फार कडक आहेत का?"

"ठावं न्हाई." त्यानं तेलाचं बोट धोतराच्या चिंधीला पुसलं. "ताई, तुमी परक्या म्हणून सांगतो. तिला माझी लांब लांब पत्रं जायची. ती मी लिवलेली न्हवती. आमच्यात नानासो म्हणून एक पोरगा हुता, सातवी पास. मी निसतं सांगायचो, लिही मी बरा हाय. आणि तो चार पानं लिवायचा. चांदणं, समिंदर, समदं त्याचं. मला वाचून दावायचा, मी म्हणायचो असू दे."

बनूचा हात थांबला.

"चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात तो गेला. रजा ठरल्यापेक्षा आधी मिळाली, तवा परवा त्याच्याच गावी गेलतो, आईला त्याचं घड्याळ द्यायला. म्हणून तर सातारा रोडला उतरलो, टब स्टेशनमास्तराच्या हवाली केला." त्यानं तेल पुन्हा बोटावर घेतलं. "तो गेल्यावर दुसऱ्या कुणाकडनं लिवून घ्यावंसं वाटंना. मग मी अक्षरं गिरवली. तेवढ्यात सासऱ्यांचं पत्र आलं, पोरीला कॉलेजात घालतो म्हणून. माझ्या हातानं पहिल्यांदा काय लिवलं असंल तर त्याचं उत्तर. 'ठीक.' दोन दिस लागलं. ठ काय केल्या गोल हुईना."

"फक्त ठीक?" बनूचा आवाज तिलाच परका वाटला. "दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही?"

"लिवायचं लय हुतं. लिवता येत हुतं तेवढंच."

खातूनबी पानाचा डबा उघडता उघडता तशीच राहिली.

"आता ती चार पानांवाल्याची वाट बघत असंल," तो म्हणाला, "आणि दारात जाणार मी, दोन वळींचा माणूस. म्हणून म्हटलं, टब तरी चांगला न्यावा."

बनूनं चष्मा काढून पुसला. वाफेनं धुरकटला, असं ती कुणी न विचारता म्हणाली.

पुढची चिठ्ठी कडेला, आतल्या बाजूनं होती. लाल किनारीची. बनूनं वाचली आणि परत टबात जाऊन बसलेल्या चिमीला काखेत हात घालून बाहेर काढलं.

"काय झालं?"

"हा टब इस्पितळातला आहे. साथीच्या रोग्यांच्या वॉर्डातला."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं चिमीकडं पाहिलं, मग टबाकडं. "आईशपथ, मला ठावं न्हवतं."

"मग काय झालं?" खातूनबी म्हणाली. "टाक काढून कागद. बायकोला कोण सांगाय जातंय?"

बनू चिमीचे तळवे ओल्या रुमालानं पुसत राहिली, एकेक बोट. पण तिचं सगळं लक्ष त्याच्या हातांकडं होतं. चिठ्ठीवर गरम फडकं पडलं. कोपरा सुटला. कागद अख्खा निघाला. तो हातात धरून तो बसला, बसला… खिडकी हातभर अंतरावर होती.

मग त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"न्हाई मावशी. हे सांगाय पायजे. पोरीचा जीव हाय. ती नगं म्हणाली तर गोठ्यात ठिवीन, जनावरं पाणी पितील." त्यानं बनूकडं वळून विचारलं, "ताई, तुमी आई हाय. असला टब कुणी आणला तर काय कराल?"

बनूनं खरोखरीच विचार केला. "सोडा घालून उकळत्या पाण्यानं तीनदा घासीन. आठ दिवस उन्हात पालथा घालीन. मग वापरीन."

"आणि कागद काढून, न सांगता आणला असता तर?"

"आणि मागून कळलं असतं तर?" ती म्हणाली. "टब घरात घेतला असता. माणूस उन्हात पालथा घातला असता."

तो हसला. मोठ्यानं, मान मागं टाकून. चार वर्षांत भिंतीवरच्या फोटोत हे हसू तिला कधी दिसलं नव्हतं. फोटोतल्या माणसाची ती बायको होती. या हसणाऱ्या माणसाची व्हावं, असं तिला त्या घटकेला वाटलं, आणि वाटल्याची भीतीही वाटली. याला सगळं सांगायचं म्हणजे पर्समधलं पत्रही सांगायचं. साताऱ्याला मुलाखतीला गेले होते, तुम्हाला न विचारता. ज्यानं कागद खिशात घातला, त्याच्यापासून हे लपवायचं?

कराड आलं. खातूनबीनं पाटी डोक्यावर घेतली, चिमीच्या मनगटावर एक हिरवी बांगडी चढवली आणि उतरता उतरता बनूच्या कानाशी वाकली.

"घरचाच हाय व्हय?"

बनूनं मान खाली घातली.

"मी काय बोलत न्हाई," खातूनबी म्हणाली आणि हसत, गुडघ्याला शिव्या देत उतरली.

आता खालच्या बाकांवर ते तिघंच होते. वरच्या फळीवर दोन शेतकरी तोंडावर मुंडासं ओढून झोपले होते. चिमी बनूच्या मांडीवर पेंगत होती. टब जवळजवळ स्वच्छ झाला होता. कडीच्या खाली एकच चिठ्ठी उरली होती. नवी, शाईनं हातानं इंग्रजीत लिहिलेली. स्टेशनमास्तरांनी परवा टब ठेवून घेताना डकवलेली.

"ही राहिली की ताई," तो म्हणाला. "हिच्यावर काय?"

बनू वाकली. सातारा रोड ते माधवनगर, असं लिहिलं होतं. तारीख होती. आणि मधे त्याचं नाव.

"सातारा रोड ते माधवनगर," ती म्हणाली. "तारीख. सतरा ऑक्टोबर."

"आणि मधे?"

"मधे… मालकाचं नाव."

"काय नाव?"

बनू त्या अक्षरांकडं बघत राहिली. घरात कुणी विचारलं की ती 'चिमीचे वडील' म्हणायची, नाहीतर नुसतं 'इकडून'. कॉलेजात प्रोफेसरांनी पुस्तकातल्या अर्जुनाबद्दल विचारलं तेव्हा तिनं 'तिसरा पांडव' म्हटलं होतं आणि वर्ग हसला होता. ओठ उघडायचे, पण पुढं काही व्हायचं नाही.

"अक्षर लागत नाही," ती म्हणाली.

बारीक अक्षराचं इंग्रजी, पुसटलेले शिक्के, सगळं तिला लागलं होतं. आणि हे टपोरं शाईचं अक्षर लागत नव्हतं. तिनं मान वर केली नाही.  गाडी रुळावरून खडखडत राहिली. बऱ्याच वेळानं तो उठला, आपलं कांबळं काढलं आणि चिमीच्या अंगावर घातलं.  कांबळं घातल्यावरही तो तसाच वाकून उभा राहिला, पोरीच्या तोंडाकडं बघत.

ताकारी गेलं. किर्लोस्करवाडीला परतीच्या पावसाची एक सर आली. त्यानं खिडकी पाडली आणि विचारलं, "पाणी लागतंय का?"

"नाही."

"भूक?"

"नाही."

आणि मग बनूच्या ध्यानात आलं. त्या शेवटच्या चिठ्ठीपासून त्यानं तिला एकदाही ताई म्हटलं नव्हतं.

पाऊस पत्र्यावर वाजत होता. तिनं हळूच वर पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता, आणि तिनं बघितल्यावर त्यानं नजर काढली नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "माझी बायको… चार पानांवाल्याचीच वाट बघत असंल?"

बनूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "नानासोंच्या आईला घड्याळ दिलंत. त्या पत्रांमधली दोन-चार तुमच्या बायकोकडून मागून घ्या. लेकाचं अक्षर आहे, त्यांच्याजवळ असावं." तिनं चिमीचं कांबळं सारखं केलं. "तिला ती पाठ आहेत, पण… तिला नाही लागायची आता."

 टबाच्या कडेवरची त्याची बोटं हळूहळू सैल पडली.

आता लपवण्यासारखं एकच उरलं होतं. बनूनं पर्स उघडली आणि शाळेचं पत्र त्याच्यापुढं धरलं. "हे मराठीत आहे."

त्यानं ते घेतलं. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागला. बनूला वाचून दाखवावंसं फार वाटलं. तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले. भिलवडी आली, गेली. तो अजून दुसऱ्या परिच्छेदात होता. एकदा परत मागं गेला. नांद्र्याच्या अलीकडं त्यानं पत्र खाली केलं.

"म्हणून साताऱ्याला."

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "भीती वाटली. 'ठीक' वाचून."

"माझी रजा सव्वा महिन्याची हाय. मग कुठं धाडतील ठावं न्हाई." तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द उचलून बघितल्यासारखा. "पोर कुणाजवळ?"

"माझ्याजवळ. शाळेच्या मागंच खोली मिळते. पाणी आतच आहे, विहीर लांब आहे. विहिरीला कठडा आहे, मी बघून आले."

"कठडा बघून आलीस," तो म्हणाला, आणि त्या 'आलीस'वर बनूचा हात आपसूक पदराकडं गेला.

त्यानं खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. पत्र पालथं करून पेटीवर ठेवलं आणि लिहायला वाकला. गाडी हलत होती. तो थांबायचा, डबा जरा स्थिर झाला की पुढं गिरवायचा. लिहून झाल्यावर कागद त्यानं तिच्या हातात दिला आणि कुठं बघावं हे न कळून टबाकडं बघत राहिला.

माधवनगरला उतरले तेव्हा उजेड अजून होता. ओल्या फलाटावर त्यानं झोपलेली चिमी खांद्यावर घेतली. एका हातानं ती आणि दुसऱ्या हातानं टबाची कडी. पेटी हमालानं उचलली. टबाची दुसरी कडी बनूनं धरली.

"ती एक चिठ्ठी राहिली," तो म्हणाला.

"राहू दे. पोर मोठी झाली की वाचेल. तिला चालतं."

टांग्याकडं जाताना टब दोघांच्या मधे हिंदकळत होता. बनूच्या पर्समधे शाळेचं पत्र होतं, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं गिरवलेला एक शब्द — ठीक. ठ अजूनही गोल झाला नव्हता. घरच्या ट्रंकेत अगदी तळाशी, रेशमी दोऱ्याच्या पुडक्याखाली, सव्वीस आखूड पत्रं तिनं अशीच टाकून ठेवली होती. दिवाबत्ती झाली, चिमी जेवली की ती सगळी बाहेर काढायची होती. आज ती पहिल्यांदा नीट वाचायची होती.